शंकेची वाट

व्याख्यान शंभर जणांना एकदम ऐकता येते. शंका मात्र ज्याची त्याचीच असते. ती फिटण्यासाठी शिष्याला पुस्तक घेऊन गुरूसमोर बसावे लागते. ज्या गावी असा गुरूच नाही, तेथील जिज्ञासूने काय करावे? सोलापूरच्या उच्च शिक्षणाचा इतिहास पाहू गेल्यास हाच प्रश्न पुनःपुन्हा पुढे येतो.

सोलापुरास आगगाडी १८६० साली आली, पहिली कापडगिरणी १८७७ साली निघाली. परंतु दयानंद कॉलेज निघावयास १९४० साल उजाडले. मधल्या ऐंशी वर्षांत येथील मुलांना पुण्यामुंबईची वाट धरावी लागे. १९१० साली सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस हेदेखील वैद्यक शिकण्यास मुंबईसच गेले. ज्याच्या घरी परगावच्या खर्चाची ऐपत नव्हती, त्याची विद्या मॅट्रिकच्या उंबरठ्यावरच थांबली.

कॉलेज निघाल्याने पदवीची सोय झाली. विद्यापीठ मात्र दूरच राहिले. प्रथम ते मुंबईस होते, १९४९ पासून पुण्यास आणि १९६२ पासून कोल्हापुरास. प्रबंधाचे मार्गदर्शक कोल्हापुरास असले, म्हणजे एका प्रकरणाच्या चर्चेसाठी दोनशेहून अधिक किलोमीटरांचा प्रवास घडे. मजकूर टपालाने धाडता येई, हे खरे. पण पत्रात तीच शंका लिहिता येते, जी स्वतःला नीट उमगलेली असते. अर्धवट कळलेली अडचण गुरूच्या एखाद्या प्रतिप्रश्नानेच उघडी पडते.

अखेर २००४ साली, केवळ सोलापूर जिल्ह्यासाठी, केगाव येथे स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले. २०१९ साली त्यास पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव देण्यात आले. दीडशे वर्षांची वाट अशा रीतीने शहराच्या वेशीपर्यंत आली.

आता उरले ते केवळ दाराचे अंतर. अध्यापकाने दररोज किमान ५ तास महाविद्यालयात उपलब्ध असावे, असे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांत सांगितले होते. तथापि, नियमाने दार उघडे राहते, संकोच जात नाही. खेड्यातून आलेला, घरात पहिलाच पदवीधर झालेला विद्यार्थी कित्येकदा दारापर्यंत येऊन परत फिरतो. आपली शंका हास्यास्पद ठरेल, हे भय त्यास वाटते. अशा वेळी अध्यापकाने मान वर करून ‘ये, बस, कोठे अडले?’ एवढे विचारले, तरी पुरे होते. पूर्वी जे आगगाडीच्या भाड्यावाचून अडत असे, ते आज एवढ्या शब्दांवाचून अडू नये.