मिरीचं बंदर आणि सामुरीचा नकार
मिरीचा वेल मूळचा मलबारचा. झाडाच्या आधाराने चढतो. हिरवे घोस तोडून दाणे वाळवले की काळी मिरी होते. तिच्यासाठी अरब व्यापारी शतकानुशतके कालिकतला येत. राजा सामुरी हिंदू, समुद्रावरचा व्यापार बहुतेक मुसलमानांच्या हाती. १४९८ मध्ये वास्को-द-गामा तिथे पोहोचला. १५०२ मध्ये पुन्हा आला तेव्हा त्याने मागणी केली, शहरातले सगळे मुसलमान हाकला. सामुरीने नकार दिला. गामाने शहरावर तोफा डागल्या. पुढे कुंजाली मरक्कार हे मुसलमान आरमारप्रमुख सामुरीच्या बाजूने पोर्तुगीजांशी लढले. भारतात इस्लाम फक्त तलवारीच्या जोरावर आला, असं कुणी म्हणालं की मला मिरीचं हे बंदर आठवतं.