इंजिनाचा पिवळा दिवा : दोष नेमका कुठे असतो?

१/
डॅशबोर्डवरचा इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला की गाडीमालकाच्या पोटात गोळा येतो. स्कॅनर लावला जातो, पडद्यावर एका सेन्सरचे नाव उमटते, तो सेन्सर बदलला जातो आणि महिन्याभराने दिवा पुन्हा लागतो. असे का घडते, याचे उत्तर या दिव्याच्या इतिहासात आहे. त्याची सुरुवात गॅरेजात नव्हे, एका शहराच्या धुरकटलेल्या आकाशाखाली झाली.

२/
जुलै १९४३, लॉस एंजेलिस. दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. अचानक शहरावर असे धुरके उतरले की लोकांचे डोळे चुरचुरू लागले, घसे खवखवू लागले. जपानने विषारी वायू सोडल्याची शंका अनेकांना आली. मग संशय कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाइन बनवणाऱ्या कारखान्यावर गेला. तो काही काळ बंद ठेवला, तरी धुरके हटले नाही.

३/
कोडे सोडवले एरी हागेन-स्मिट या डच वंशाच्या रसायनशास्त्रज्ञाने. अननसाच्या स्वादावर संशोधन करणाऱ्या या माणसाने १९५०च्या दशकाच्या आरंभी दाखवून दिले की, न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर ऊन पडले की ओझोन तयार होतो. म्हणजे तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या जोडीला शहरातल्या मोटारीही गुन्हेगार होत्या.

४/
पुढे कॅलिफोर्नियाने हवेच्या रक्षणासाठी स्वतंत्र मंडळ स्थापन केले आणि हागेन-स्मिट त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९७०च्या अमेरिकी स्वच्छ हवा कायद्याने मोटारींचे मुख्य विषारी उत्सर्जन तब्बल ९० टक्क्यांनी घटवण्याचा आदेश दिला. १९७५च्या मॉडेलांपासून बहुतेक अमेरिकी मोटारींच्या धुराच्या नळीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला.

५/
नंतरचा सुधारित कन्व्हर्टर मात्र लहरी निघाला. एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा, या प्रमाणाच्या आसपासच तो नीट काम करी. म्हणून १९७६ मध्ये व्होल्वोच्या मोटारीत बॉशचा ऑक्सिजन सेन्सर आला. मिश्रणात पेट्रोल जास्त झाले तर सुमारे ०.९ व्होल्ट, कमी झाले तर ०.१ व्होल्ट, एवढाच त्याचा निरोप. तो वाचायला संगणक हवा होता.

६/
१९८१ मध्ये जनरल मोटर्सने अमेरिकेतील आपल्या पेट्रोल मोटारींत असा संगणक सरसकट बसवला आणि सोबत इशाऱ्याचा दिवा दिला. डॅशबोर्डखालच्या कनेक्टरमधील दोन टोके तारेच्या तुकड्याने जोडून किल्ली फिरवली, की दिवा उघडझाप करू लागे. एकदा, थांबून दोनदा : कोड १२, म्हणजे तपासणी यंत्रणा जागी आहे. त्यामागून दोषांचे आकडे येत.

७/
त्यातले १४ आणि १५ हे आकडे इंजिनातील पाण्याच्या, म्हणजे कूलंटच्या तापमानाचे. हा सेन्सर म्हणजे एक साधा रोधक. तापला की त्याचा रोध घटतो. संगणक ५ व्होल्टचा दाब एका ठरावीक रोधकातून त्याच्याकडे पाठवतो आणि तारेवर किती व्होल्ट उरले ते मोजतो. इंजिन थंड असेल तर व्होल्ट जास्त, गरम असेल तर कमी.

८/
आता तार तुटली असे समजू. संगणकाला जवळजवळ पूर्ण ५ व्होल्ट दिसतात आणि भर उन्हाळ्यात तो इंजिनाचे तापमान उणे ४० अंश आहे असे मानतो. थंड इंजिनाला जादा पेट्रोल लागते, म्हणून तो ते ओततो. काळा धूर येतो, प्लग काळवंडतात, अ‍ॅव्हरेज घसरते. उलट, दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर तेच इंजिन उकळते आहे असे त्याला वाटते.

९/
संगणक खोटे बोलत नाही. त्याला तापमान ठाऊकच नसते, ठाऊक असतात ते केवळ व्होल्ट. त्यामुळे कोडचा खरा अर्थ 'या मंडलात काहीतरी चुकले आहे' एवढाच. मंडलात सेन्सर असतो, तारा असतात, कनेक्टरच्या पिना असतात आणि संगणकही असतो. वाचणाऱ्याने मात्र त्याचा अर्थ 'सेन्सर गेला' असा लावला. गैरसमजाचे मूळ इथे आहे.

१०/
या साखळीतील सर्वांत कच्चा दुवा म्हणजे कनेक्टर. जुन्या मोटारींतही पिना गंजत, पण हेडलाइटच्या तारेतून कित्येक अँपियर प्रवाह वाहतो. पातळ गंजाला तो दाद देत नाही, फार तर दिवा थोडा मंद होतो. सेन्सरच्या तारेतला प्रवाह मिलिअँपियरच्या घरातला. त्याच्यासाठी ऑक्साइडचा अदृश्य पापुद्राही भिंत ठरतो.

११/
पाणी रोखण्यासाठी जनरल मोटर्सच्याच पॅकार्ड इलेक्ट्रिक विभागाने 'वेदर-पॅक' हा कनेक्टर आणला. त्यात प्रत्येक तारेभोवती आणि दोन अर्ध्यांच्या मध्ये रबरी सील होते. बाहेरचे पाणी थांबले, पण एक शत्रू पिनांच्या आतच दडला होता.

१२/
सोने महाग, म्हणून पिनांवर कथलाचा मुलामा देतात. कनेक्टर दाबून बसवताना कथलावरचा ऑक्साइड फुटतो आणि धातूला धातू भिडतो. पुढे इंजिनाच्या थरथरीने आणि तापण्या-निवण्याने पिना केसाहूनही कमी अंतर मागेपुढे घासत राहतात. दर घासणीला नवे कथील उघडे पडते, त्यावर ऑक्साइड चढतो, त्याची पूड साचते आणि रोध वाढत जातो.

१३/
या दोषाची खरी गंमत, आणि खरा तोटा, दुरुस्तीच्या वेळी दिसतो. सेन्सर बदलायचा तर कनेक्टर काढून पुन्हा बसवावा लागतो. त्या घासण्यानेच पिना स्वच्छ होतात आणि दोष नाहीसा होतो. श्रेय नव्या सेन्सरला मिळते, चांगला जुना सेन्सर भंगारात जातो. काही महिन्यांनी पूड पुन्हा साचते आणि दिवा पुन्हा लागतो.

१४/
दरम्यान प्रश्न मालकीचाही झाला होता. प्रत्येक कंपनीचा कनेक्टर निराळा, कोड निराळे. कॅलिफोर्नियाने १९८८च्या मॉडेलांपासून स्वयंनिदान सक्तीचे केले, तरी भाषा एक झाली नाही. १९९०च्या कायदेदुरुस्तीने कनेक्टर प्रमाणित असावेत आणि दुरुस्तीची माहिती कंपन्यांनी दडवू नये, असे बजावले. १९९६पासून अमेरिकेतील प्रत्येक नव्या मोटारीत १६ पिनांचा एकच सॉकेट आला. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला वाचनाचा हक्क मिळाला.

१५/
प्रमाणित कोडांची भाषाही काटेकोर होती. पी ०११७ आणि पी ०११८ हे कोड सेन्सर बिघडल्याचे सांगत नाहीत. कूलंट-तापमानाच्या 'मंडलात' व्होल्ट फार कमी किंवा फार जास्त आहेत, एवढेच ते सांगतात. 'मंडल' हा शब्द तिथे स्पष्ट लिहिलेला आहे, घाईत नेमका तोच गळतो.

१६/
भारतात १ एप्रिल १९९५पासून मुंबईसह चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. २०००च्या आगेमागे कार्ब्युरेटर मागे पडून इंजेक्शनची इंजिने आली. भारत स्टेज चारबरोबर २०१०मध्ये स्वयंनिदानाचा पहिला टप्पा आणि २०१३मध्ये दुसरा टप्पा लागू झाला. आवाजावरून इंजिन जुळवणाऱ्या हातांत स्कॅनर आला. कोकणातला पाऊस आणि वायरी कुरतडणारे उंदीर तेच राहिले.

१७/
खरे निदान आजही तारेच्या तुकड्याने होते. दोन तारांच्या कूलंट सेन्सरचा कनेक्टर काढावा. स्कॅनरवर उणे ४० दिसले पाहिजे. मग कनेक्टरमधील त्या दोन तारा एकमेकींना जोडाव्यात. आकडा उकळत्या पाण्याच्या पुष्कळ वर गेला पाहिजे. दोन्ही घडले तर तारा आणि संगणक ठीक, संशय सेन्सरवर किंवा त्याच्या पिनांवर. यातले एक जरी घडले नाही, तर दोष सेन्सरपलीकडे. आणि कनेक्टर काढण्याआधी वायरिंग हलकेच हलवून पाहावे. आकडा उडी मारत असेल तर चोर तिथेच सापडतो.

१८/
हा केवळ पैशांचा प्रश्न नाही. मे २०१४ मध्ये जनरल मोटर्सने सुमारे २४ लाख मोटारी परत बोलावल्या. एका कनेक्टरमध्ये पिना घासून रोध वाढे आणि ब्रेक दाबूनही मागचे दिवे लागत नसत, किंवा न दाबताच लागत. याच दोषासाठी कंपनीने काही मोटारी २००९ मध्येच परत बोलावल्या होत्या. तोवर १३ अपघात आणि २ जखमी यांची नोंद झाली होती.

१९/
त्या २४ लाख मोटारींवरचा उपाय काय होता? कनेक्टर हलू नये म्हणून एक लहानसा आधार, आणि पिनांवर वंगण. संगणक शाबूत होता, सेन्सर शाबूत होता. दुरुस्ती झाली ती दोन धातू जिथे एकमेकांना टेकतात त्या जागेची. ती जागा स्कॅनरच्या पडद्यावर दिसत नाही. तिथपर्यंत हातानेच जावे लागते.