‘हिस्टेरिका’ आणि ‘नर्व्होसा’ : एका रोगनामाचा इतिहास

तारुण्याच्या उंबरठ्यावरील व्यक्ती अन्न उपलब्ध असताही ते नाकारू लागते आणि शरीराचा अस्थिपंजर झाला तरी त्या निश्चयापासून ढळत नाही, अशा व्याधीस वैद्यकात ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ म्हणतात. या नावाचा इतिहास पाहता, स्त्री, पुरुष व कुटुंब यांविषयीच्या समजुती रोगनिदानात कशा शिरतात, हे ध्यानात येते.

लंडनचा वैद्य रिचर्ड मॉर्टन याने १६८९ साली प्रसिद्ध केलेल्या क्षयविषयक लॅटिन ग्रंथात अशा दोन रोग्यांचे वर्णन केले. एक १८ वर्षांची मुलगी, दुसरा १६ वर्षांचा मुलगा. दोघांच्याही बाबतीत मनःक्षोभ व अतिअभ्यास यांचा त्याने निर्देश केला. मुलगी दगावली, मुलगा पुष्कळ अंशी बरा झाला. म्हणजे या व्याधीच्या अगदी आरंभीच्या वृत्तांतांत पुरुष रोगी आहेच.

पुढे १८६८ साली विल्यम गल याने ऑक्सफर्ड येथील व्याख्यानात या व्याधीस ‘हिस्टेरिका’ हे विशेषण लावले. १८७३ च्या एप्रिलमध्ये पॅरिसच्या शार्ल लासेग यानेही ‘हिस्टेरिक’ हेच विशेषण योजले. या शब्दाच्या मुळाशी गर्भाशयवाचक ग्रीक शब्द आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लंडनच्या क्लिनिकल सोसायटीपुढे निबंध वाचताना मात्र गलने ‘नर्व्होसा’ हे विशेषण अधिक पसंत केले; कारण हा रोग पुरुषांतही आढळतो, असे त्याचे म्हणणे होते. तथापि त्याने सविस्तर दिलेले वृत्तांत तरुणींचेच होते. नाव व्यापक झाले, पण पुरावा एकांगीच राहिला. ‘ॲनोरेक्सिया’ हे पदही सर्वस्वी यथार्थ नव्हे. त्याचा अर्थ क्षुधेचा अभाव. परंतु पुष्कळ रोग्यांची भूक नाहीशी झालेली नसते, ती निग्रहाने दडपलेली असते.

कुटुंबाविषयी दोघांची दृष्टी निराळी होती. घरची माणसे आधी विनवण्या करतात, मग धाक घालतात, आणि या दोहोंनीही नकार अधिकच दृढ होतो, असे लासेगने दाखविले. रोग्याचा विचार कुटुंबासहित करावा, असा त्याचा आग्रह होता. गलच्या मते आप्तेष्ट हेच सामान्यतः सर्वांत वाईट शुश्रूषक होत.

शतकानंतर हे दोन्ही प्रश्न पुन्हा पुढे आले. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या लंडनमधील एका तुलनात्मक अभ्यासात, लहान वयात जडलेल्या व फार न मुरलेल्या व्याधीत कुटुंबासह केलेले उपचार अधिक गुणकारी ठरले. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या १९९४ च्या निदानपुस्तिकेत मासिक पाळी थांबणे हा एक निकष होता. पुरुषांना तो लागूच पडत नव्हता. २०१३ च्या आवृत्तीत तो वगळण्यात आला.

गलने एका विशेषणापुरते जे मान्य केले होते, ते निदानाच्या निकषांत उतरण्यास अशा रीतीने १४० वर्षे लागली. मध्यंतरी जो मुलगा अन्न टाकून झिजत होता, त्याचा रोग ओळखला न जाण्याचा धोका कायम राहिला. आणि ज्या घरातील मुलगी झिजत होती, त्या घराकडे उपचाराचे साधन म्हणून पाहण्यापूर्वी दोषाचे स्थान म्हणूनच पाहिले गेले.