पाणबुड्याचा परतीचा प्रवास



वाशीम जिल्ह्यांतील मानोऱ्याहून समुद्र शेंकडों मैल दूर आहे. तरीहि समुद्राच्या पोटांत उतरणाऱ्याला होणारा पहिला त्रास तेथील पोहणाऱ्या पोराला ठाऊक असतो. विहिरींत घागर पडली आणि ती गळाला लागेना, म्हणजे कोणी तरी बुडी मारतो. दोन पुरुष खोल जातांच त्याचे कान ठणकूं लागतात. हा पाण्याचा दाब. दहा मीटर खोलीवर एकंदर दाब पृष्ठभागावरील दाबाच्या दुप्पट होतो, तीस मीटरवर चौपट.

विहिरींतला पोहणारा एका श्वासावर जातो नि क्षणांत परततो, म्हणून त्याचें कानांवर निभावतें. पण खालीं राहून काम करावयाचें तर श्वासहि खालींच घेतला पाहिजे, आणि ती हवा भोंवतालच्या पाण्याइतक्याच दाबाची हवी. १८३७ च्या सुमारास ऑगस्टस सीबे या लंडनमधील कारागिरानें धातूचें शिरस्त्राण व त्याला जोडलेला जलाभेद्य पोषाख सिद्ध केला. वरून पंपानें हवा सोडावयाची. माणूस तासन् तास तळाशीं राहूं लागला, आणि एक नवाच रोग उद्भवला. खालीं असतांना प्रकृति ठणठणीत. वर आल्यावर सांधे धरत, पाय लुळे पडत, कांहीं जण तर दगावत.

याचें कारण पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८७८ सालीं मांडलें. दाबाखालीं श्वासावाटे गेलेला नायट्रोजन रक्तांत नि मांसांत विरघळतो. सोडावॉटरची बाटली एकदम उघडली तर पाणी फसफसून येतें. घाईनें वर आलेल्या पाणबुड्याच्या देहांत तेंच घडतें. तेव्हां बूच सावकाश काढावें, हें उघडच झालें. पण सावकाश म्हणजे किती सावकाश?

या प्रश्नाला जॉन स्कॉट हॉल्डेन यांनीं हात घातला. लंडनच्या लिस्टर संस्थेंत त्यांनीं पोलादी कोठींत शेळ्या कोंडून दाब वाढविला, मग तो कमी केला. ज्या शेळीला बाधा होई ती पुढचा पाय उचलून धरी; रोगाचें याहून बोलकें लक्षण कोणतें? दाब निम्म्यावर आणला तर सहसा धोका नाहीं, हें त्यांना आढळलें. म्हणजे तीस मीटरवर चौपट दाबांत असलेल्या माणसानें दहा मीटरवर, दुप्पट दाबाच्या ठिकाणीं, लौकर यावें. मग मात्र थांबत थांबत वर यावें. कोठें किती मिनिटें थांबावें याचीं कोष्टकें त्यांनीं सहकाऱ्यांसह १९०८ सालीं प्रसिद्ध केलीं. माझ्या मतें पाणबुड्याला मिळालेलें सर्वांत मोठें उपकरण हें कागदी कोष्टकच होय. पुढें त्यांत सुधारणा झाल्या, तत्त्व टिकलें.

हॉल्डेन यांच्या चिरंजीवांचें नांव आपणांस परकें वाटूं नये. जे. बी. एस. हॉल्डेन १९५७ सालीं भारतांत आले, येथील नागरिक झाले आणि १ डिसेंबर १९६४ रोजीं भुवनेश्वर येथें वारले. १ जून १९३९ रोजीं 'थेटिस' ही ब्रिटिश पाणबुडी लिव्हरपूलजवळ बुडाली. ९९ जणांचे प्राण गेले. त्यानंतर यांनीं स्वतःला नि सहकाऱ्यांना दाबाच्या कोठींत कोंडून घेतलें. शुद्ध प्राणवायूहि दाबाखालीं विषासारखा होतो, हें त्यांनीं अंगावर काढून तपासलें. अशाच एका झटक्यांत त्यांच्या पाठीच्या मणक्यांना इजा झाली. तें दुखणें जन्मभर पुरलें.

'थेटिस'च्या नऊच दिवस आधीं 'स्क्वालस' ही अमेरिकन पाणबुडी बुडाली होती. तिच्यांतील ३३ जणांना घंटेसारख्या कोठींतून वर आणलें. पुढें ती पाणबुडी उचलतांना पाणबुड्यांना नायट्रोजनऐवजीं हीलियम मिसळलेला वायु दिला, कारण खोलवर नायट्रोजनची झिंग चढते आणि साधा दोरहि सुटेनासा होतो. १९४३ त कुस्तो व गान्यां या फ्रेंच जोडीनें पाठीवरच्या नळकांड्यांतून श्वासापुरतीच हवा सोडणारी झडप बनविली. वरच्या नळीचें बंधन तुटलें आणि शास्त्रज्ञ स्वतः पाण्यांत उतरूं लागले.

गोव्यांतील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची स्थापना १९६६ ची. तिच्या वतीनें एस. आर. राव यांनीं १९८३ पासून द्वारकेच्या समुद्रांत शोध चालविला. तेथें दगडी नांगर सांपडले. गोव्यानजीक सुंची खडकापाशीं सतराव्या शतकाच्या आरंभींच्या पोर्तुगीज जहाजाच्या अवशेषांत हस्तिदंत, पाणघोड्याचे दात व चिनी भांड्यांचे तुकडे मिळाले. हें पाणी उथळ. तेथें नायट्रोजनपेक्षां लाटांचे हेलकावे नि गढूळपणा हेच वैरी. पाटी, पेन्सिल, मोजपट्टी आणि वाळू उपसणारी हवेची नळी हीं तेथील आयुधें. विजयदुर्गापाशीं पाण्याखालीं लांबलचक दगडी रचना आहे. शत्रूचीं जहाजें फोडण्यास ती मराठी आरमारानें बांधली, असें परंपरा सांगते; कांहीं संशोधक ती फार प्राचीन मानतात. असल्या वादाचा निकाल काठावर बसून लागत नसतो.

खोल पाण्याची विद्या आपल्याकडे नौदलानें जोपासली. १८ जुलै २०२५ रोजीं विशाखापट्टणम येथें 'निस्तार' हें जहाज दाखल झालें. तेथील पाणबुडे तीनशें मीटरपर्यंत जाऊं शकतात. एवढ्या खोलीचें काम करणारे अनेक दिवस दाबाच्या कोठींतच राहतात. तेथेंच जेवण, तेथेंच झोंप. काम संपल्यावर कोठी जहाजावरच असते, मित्र दाराशीं उभे असतात. पण तीनशें मीटरचा दाब उतरून तें दार उघडेपर्यंत दहाबारा दिवस जातात.