तंजावरचा नेत्रवैद्य राजा

आमचे गाव झाई. घोलवड आणि बोर्डीच्या चिकूच्या वाड्या मागे टाकून किनाऱ्याने उत्तरेकडे निघाले, की महाराष्ट्र संपता संपता हे मासेमारीचे गाव लागते. खाडी, होड्या, बांबूंवर वाळत घातलेले बोंबील आणि पलीकडे गुजरातची हद्द, एवढीच त्याची ओळख. अशा गावातल्या बाईने कावेरीकाठच्या एका राजाची हकिकत सांगावी, आणि तीही ऐन दिवाळीत, याचे वाचकांना नवल वाटेल. पण त्या राजापर्यंत मला नेऊन पोचवले ते माझ्या आजीच्या डोळ्यांनी; म्हणून आरंभ तिथूनच केला पाहिजे.

आजोबांचा उजवा डोळा माझ्या जन्माआधीच गेला होता. घरात सांगत ते असे. मोतीबिंदू आला आणि आजोबांना होडीवर जाता येईना. त्या सुमारास मोतीबिंदू काढणारा एक माणूस गावोगाव फिरत आमच्याकडे आला. त्याने आजोबांना अंगणात उन्हाकडे तोंड करून बसवले, मागून डोके धरायला एक गडी उभा केला आणि डोळ्यात सुई घातली. पापणी मिटण्याइतक्या वेळात आजोबांना समोरची बोटे दिसली! घरात आनंदीआनंद झाला. पैसे, तांदूळ आणि सुकी मासळी देऊन त्याची बोळवण केली. चौथ्या दिवशी डोळा लाल झाला, आठव्या दिवशी ठणका सोसेना, आणि महिन्याभरात तो डोळा कायमचा विझला. विचारायचे कोणाला? त्या माणसाचे नाव कोणी विचारले नव्हते आणि गाव कोणाला ठाऊक नव्हते.

पुढे आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तेव्हा तिने शस्त्रक्रियेचे नाव काढू दिले नाही यात काय आश्चर्य! सहा-सात वर्षे ती माझा हात धरून हिंडली. दिवाळीला पणत्या आम्ही लावायच्या आणि तिने त्यांच्यापुढे तळहात धरून नुसती ऊब घ्यायची.

१९७१ साली जवळच्या एका गावी शाळेत डोळ्यांचे शिबिर भरले. मी नऊ वर्षांची होते. बाबांनी आजीला जवळजवळ उचलूनच तिथे नेले. तिथल्या डॉक्टरांनी डोळ्याला हात लावण्याआधी कागद पुढे ओढला. नाव काय, वय काय, दिसेनासे कधीपासून झाले, साखरेचा आजार आहे काय, घरात आणखी कोणाचा डोळा गेला आहे काय? शेवटच्या प्रश्नाला आजीने आजोबांची सगळी गोष्ट सांगितली, आणि डॉक्टर ती लिहून घेत राहिले. घरी येताना आजी बाबांना म्हणाली, “हा लिहून घेतो रे. लिहून घेणारा माणूस पळून जात नाही.” आणि ती तयार झाली.

त्या सुईवाल्याची विद्या काही त्याने स्वतः शोधलेली नव्हती. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यावर आलेला पडदा, असे आपण समजतो. वास्तविक तो बुबुळामागच्या भिंगाला आलेला गढूळपणा असतो. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात या विकारावरची शस्त्रक्रिया सांगितली आहे. टोकाला जवाच्या आकाराची शलाका पांढऱ्या बुबुळातून आत घालायची आणि दोष वाटेतून दूर सारायचा. भिंग बाहेर काढायचे नाही, उजेडाच्या वाटेतून बाजूला लोटायचे. त्यामुळे रोग्याला त्या क्षणीच बोटे दिसत, आणि म्हणूनच फिरत्या माणसाला पैसे घेऊन दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी जाता येई. मात्र सुश्रुताने शलाका बाहेर काढल्यावर ग्रंथ संपवलेला नाही. डोळा बांधावा कसा, रोग्याने निजावे कसे, खोकणे-शिंकणे कसे टाळावे, काय खावे, पुढे कोणते उपद्रव होतात, हेही त्याने सांगितले आहे. शतकांच्या प्रवासात शलाका तेवढी टिकली. पथ्य, स्वच्छता आणि पुन्हा येऊन डोळा पाहणे मात्र वाटेत गळून पडले. गढूळ भिंग डोळ्याबाहेर काढण्याची पद्धत फ्रान्समध्ये जाक दाव्हिएल याने रूढ केली. तिची हकिकत १७५३ साली छापून निघाली. तरीही आपल्याकडे सुई विसाव्या शतकापर्यंत फिरत राहिली.

मी पुढे शाळेत इतिहास शिकवू लागले. निवृत्त झाल्यावर दक्षिणेची यात्रा केली, तेव्हा तंजावरला सरस्वती महाल ग्रंथालयाचे संग्रहालय पाहिले. तिथे काचेखाली डोळ्यांची रंगीत चित्रे मांडलेली होती. देवादिकांचे डोळे नव्हेत, रोगी डोळे! मी तिथेच खिळून उभी राहिले. ही चित्रे सरफोजी महाराजांच्या संग्रहातली, हे कळल्यावर त्या राजाचा शोध घेतल्यावाचून राहवेना.

शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावरला मराठ्यांची गादी स्थापन केली. त्या गादीवरचे सरफोजी दुसरे यांचा जन्म १७७७ सालचा. तुळजाजीराजांनी त्यांना दत्तक घेतले आणि १७८७ मध्ये राजे वारले. सत्ता अमरसिंहाच्या हाती गेली आणि दत्तक मुलगा कोंडीत पडला. श्वार्ट्झ नावाच्या जर्मन पाद्र्याने त्याचा कैवार घेतला, त्याला मद्रासेला हलवले, शिकवले. १७९८ साली सरफोजी गादीवर बसले खरे, पण पुढच्याच वर्षी कंपनी सरकारशी तह होऊन राज्याचा कारभार इंग्रजांकडे गेला. राजाच्या हाती तंजावरचा किल्ला, सालीना एक लाख होनांची नेमणूक आणि वसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले.

बावीस वर्षांचा तरुण राजा, पैसा आहे, काम नाही. अशा किती संस्थानिकांनी शिकारीत आणि नाचरंगात आयुष्य घालवले, ते आपण जाणतो. सरफोजींनी ज्ञानाचे राज्य मांडले. वाड्यात नागरी लिपीचा छापखाना काढला आणि इसापच्या गोष्टी मराठीत छापवल्या. भोसले घराण्याचा इतिहास बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर मराठीत कोरवून घेतला, तो १८०३ साली. देशोदेशीचे ग्रंथ मागवले. त्यांतल्या अनेकांवर त्यांची इंग्रजी सही आजही दिसते. १८२६ साली बिशप हेबर त्यांना भेटले, तेव्हा लाव्हाझिये, लिनियस, बुफाँ यांची नावे या मराठी राजाच्या तोंडी ऐकून ते चकित झाले.

या सगळ्यात मोलाची संस्था म्हणजे धन्वंतरी महाल. तिथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य अशा चारही पद्धतींचे वैद्य एका छपराखाली काम करीत. औषधे माणसांसाठी बनत, जनावरांसाठीही बनत. वनस्पतींची हुबेहूब चित्रे काढून घेतली जात. अनुभवाला उतरलेले उपचार लिहून ठेवले जात आणि पुढे ते तमिळ पद्यांत बांधले गेले.

आणि याच दरबारात डोळ्यांचे काम चाले. २००३ सालच्या सप्टेंबरात सरफोजींचे सहावे वंशज बाबाजीराजे भोसले आणि मद्रासच्या शंकर नेत्रालयाचे संस्थापक डॉ. बद्रीनाथ यांची भेट झाली. बोलता बोलता राजेसाहेबांनी सांगितले, की सरस्वती महालात डोळ्यांवरच्या शस्त्रक्रियांची सुमारे दोनशे वर्षांपूर्वीची टिपणे आहेत. ही टिपणे मोडी दफ्तरात निघाली. तंजावरच्या मराठी दरबाराचे दफ्तर मोडीत. त्यांत रोग्यांच्या तपशीलवार हकिकती मात्र इंग्रजीत लिहिलेल्या! थोडक्यात, आपण ज्याला केसपेपर म्हणतो ते.

या शस्त्रक्रिया स्वतः महाराजांनी केल्या, असे मानतात. शस्त्रांची पेटी ते जातील तिथे बरोबर नेत आणि मोतीबिंदू काढीत, असेही सांगतात. इथे इतिहासाच्या शिक्षिकेला थोडे थांबावे लागते. राजाच्या पदरी वैद्य असतात आणि वैद्यांच्या यशाचा टिळा राजाच्या कपाळी लागतो, हे काही नवे नाही. प्रत्येक डोळ्यावर राजाचाच हात फिरला, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. मला फार वाटते, की ते खरे असावे. पण वाटणे वेगळे आणि पुरावा वेगळा. वर्गात तीस वर्षे हेच सांगत आले, तर आता दिवाळीच्या आनंदात ते कसे विसरू?

परंतु खरी थोरवी पाहायची तर काळ डोळ्यांपुढे आणावा. इथर आले १८४६ साली. हेल्महोल्ट्झने डोळ्याच्या आत पाहण्याचे यंत्र केले १८५१ साली. लिस्टरने जंतुनाशनाचा धडा घालून दिला १८६७ साली. डोळा बधिर करणारे कोकेन कोलरने दाखवले १८८४ साली. सरफोजी वारले १८३२ साली. म्हणजे यांतले काहीच त्यांच्या काळी नव्हते. रोगी पूर्ण शुद्धीवर, डोळा पूर्ण जागा, आणि हात कापला तर सारेच संपले! लंडनचे पुढे मूरफील्ड्स म्हणून प्रसिद्धीस आलेले नेत्ररुग्णालय निघाले १८०५ साली आणि मद्रासचे १८१९ साली. म्हणजे डोळ्यांसाठी स्वतंत्र रुग्णालय ही कल्पना जगातच नवी होती, आणि तंजावरच्या वाड्यात त्याच पिढीत डोळ्यांच्या हकिकती लिहिल्या जात होत्या.

दफ्तरात सामान्य माणूस कधी येतो? सारा भरला तर येतो, गुन्हा केला तर येतो. इथे तो त्याच्या दुखऱ्या डोळ्यासाठी आला आहे. शस्त्रक्रियेनंतर हकिकत लिहायची तर रोग्याला पुन्हा पाहावे लागते; डोळा सुधारला की बिघडला, ते स्वतःच्या अक्षरात कबूल करावे लागते. आजोबांच्या डोळ्यात सुई घालणारा आणि तंजावरचा राजा यांच्यात मला दिसणारे अंतर हे आहे. हत्यार दोघांच्याही हाती होते. कागद एकापुढेच होता.

आता पुन्हा आजीकडे वळते. शिबिरात शस्त्रक्रिया झाल्यावर तिला उताणे निजवले, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या आणि मान हलवायची नाही अशी ताकीद दिली. डॉक्टर रोज कागद घेऊन येत, पट्टी सोडत, पाहत आणि लिहीत. दीड महिन्याने जाड भिंगाचा चष्मा आला. भिंगाची जागा चष्म्याने भरून काढण्याचे ते दिवस. डोळ्यातच कृत्रिम भिंग बसवण्याची किमया रिडले यांनी लंडनमध्ये १९४९ सालीच केली होती, पण आमच्या बाजूला ती यायला पुष्कळ वर्षे लागली. हल्ली रोगी सकाळी जातो आणि संध्याकाळी घरी येऊन चहा पितो. माझ्या स्वतःच्या डोळ्यांचे तसेच झाले.

त्या वर्षीच्या दिवाळीत आजीने पणत्या मोजल्या. अंगणात एकवीस होत्या, तिने अठरा सांगितल्या. मी म्हटले, “आजी, तीन चुकल्या.” ती म्हणाली, “चुकू देत गं. मोजल्या तर खऱ्या!”

आजी जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. तिच्या ट्रंकेत रेशनकार्डाजवळ तो केसपेपर घडी करून ठेवलेला सापडला. तिचे नाव चुकीचे लिहिले आहे, वय अंदाजाने घातले आहे, आणि खालची सही काही केल्या लागत नाही. त्या डॉक्टरांचे नाव मला आजही ठाऊक नाही. पण मधल्या चार ओळी स्वच्छ वाचता येतात. त्यांत झाईच्या एका मासेमाराचा उजवा डोळा कसा गेला, ते लिहिले आहे. आजोबांविषयी कोणी कधी काही लिहिले असेल, तर ते एवढेच.