फिफ्थ व्हील : जोडवाहनाचा सांधा आणि सुरक्षिततेचे गणित

नवी दिल्ली – दक्षिण दिल्लीतील तुघलकाबाद येथील कंटेनर आगार १९९३ मध्ये सुरू झाले. न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात उतरलेले कंटेनर रेल्वेने येथे, तसेच उत्तर प्रदेशातील दादरी येथील टर्मिनलमध्ये येतात. तेथून नोएडा, फरिदाबाद, गुडगाव किंवा सोनिपतच्या कारखान्यापर्यंतचा अखेरचा टप्पा मात्र रस्त्याने पार करावा लागतो. हे काम करणारे वाहन वस्तुतः एक नसून दोन असतात. पुढे इंजिन असलेले आखूड वाहन, ज्याला वाहतूकदार ‘हॉर्स’ म्हणतात, आणि मागे स्वतःचे इंजिन नसलेला लांब ट्रेलर. या दोघांना जोडणारा सांधा म्हणजे ‘फिफ्थ व्हील’, अर्थात पाचवे चाक.

या सांध्याची तपासणी, त्यावर येणारा भार आणि त्याभोवती फिरण्यासाठी लागणारी जागा या तीन गोष्टींवर जोडवाहनाची सुरक्षितता अवलंबून असते. यांतील एकही गोष्ट चालकाच्या आसनावरून दिसत नाही. त्यामुळे वाहन सुरू करण्यापूर्वी खाली उतरून पाहणे आणि मोजणे याला पर्याय नाही.

नाव आणि उगम

पाचवे चाक हे नाव घोडागाडीच्या काळातील आहे. चारचाकी गाडीचा पुढचा आस वळावा म्हणून त्यावर एक आडवे लोखंडी कडे बसवीत असत. ते चाकासारखे दिसे, म्हणून ते पाचवे चाक ठरले. १९१४ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट येथील लोहार ऑगस्ट फ्रुहॉफ यांनी एका लाकूड व्यापाऱ्याची होडी सरोवरापर्यंत नेण्यासाठी फोर्ड मोटारीला जोडता येईल असा ट्रेलर तयार केला. व्यापाऱ्याने पुढे तशीच गाडी लाकूड वाहण्यासाठी मागितली आणि सेमी-ट्रेलरचा व्यवसाय सुरू झाला. म्हणजे आज कारखान्यांचा माल वाहणाऱ्या या वाहनाचा आरंभ सहलीच्या सोयीतून झाला. विमाननिर्माते ग्लेन कर्टिस यांनी १९२० च्या दशकात याच तत्त्वावर ‘एअरोकार’ हे फिरते घर बनविले. उत्तर अमेरिकेत पिकअप ट्रकमागे ओढले जाणारे फिफ्थ व्हील कॅम्पर हे त्याचेच वंशज होत.

सांध्याची रचना सोपी आहे. हॉर्सच्या मागील आसावर ग्रीस लावलेली जाड पोलादी तबकडी असते. तिला मागच्या बाजूने खाच असते. ट्रेलरच्या पुढील भागाखाली ‘किंग पिन’ नावाची पोलादी खुंटी असते. तिचा प्रचलित व्यास २ इंच, तर अधिक जड वाहनांसाठी साडेतीन इंच असतो. खुंटी खाचेत शिरली की तबकडीतील जबडे तिच्याभोवती मिटतात. ट्रेलरच्या वजनाचा मोठा हिस्सा तबकडीवर येतो आणि ओढण्याचा संपूर्ण ताण त्या खुंटीवर येतो.

जोडणीची तपासणी

ट्रेलर चालत्या वाहनापासून सुटण्याचे सर्वांत धोकादायक कारण म्हणजे अर्धवट झालेली जोडणी. ट्रेलर आवश्यकतेपेक्षा उंच उभा असेल, तर किंग पिन जबड्यात न शिरता त्यांच्यावर टेकते. अशा स्थितीत वाहन काही अंतर व्यवस्थित चालते आणि पहिल्या मोठ्या धक्क्याला किंवा चढावर ट्रेलर सुटतो. हे टाळण्यासाठी पुढील क्रम पाळला जातो.

१. ट्रेलरच्या चाकांना ठोकळे लावावेत. ट्रेलरची उंची अशी ठेवावी की मागे येणाऱ्या तबकडीने तो किंचित उचलला जाईल.

२. हॉर्स सरळ रेषेत, अगदी सावकाश मागे घ्यावा. तिरका मागे घेतल्यास खुंटी एका बाजूस अडकते.

३. जबडे मिटल्याचा आवाज आला म्हणून जोडणी झाली असे समजू नये. ट्रेलरचा ब्रेक लावलेला ठेवून वाहन पहिल्या गिअरमध्ये हलकेच पुढे ओढून पाहावे.

४. त्यानंतर इंजिन बंद करून, बॅटरी घेऊन खाली वाकून पाहावे. तबकडी आणि ट्रेलर यांच्यामध्ये फट दिसता कामा नये. जबडे खुंटीभोवती पूर्ण मिटलेले असावेत, हँडल आत गेलेले असावे आणि त्याची सुरक्षा कडी लागलेली असावी.

५. हवेच्या नळ्या व विजेची तार जोडावी, ब्रेकचे व वळणाचे दिवे तपासावेत आणि शेवटी ट्रेलरचे टेकूचे पाय पूर्ण वर घ्यावेत.

सोडताना हाच क्रम उलट होतो. टेकूचे पाय आधी जमिनीवर घट्ट टेकवावेत आणि मगच जबडे उघडावेत. पावसाळ्यात कच्च्या मैदानावर पायांखाली जाड फळी ठेवली नाही, तर भरलेला ट्रेलर पुढे कलंडू शकतो. तबकडीवरील ग्रीसकडेही लक्ष द्यावे लागते. दिल्ली परिसरातील धूळ ग्रीसमध्ये मिसळून पृष्ठभाग झिजवते आणि कोरड्या तबकडीमुळे स्टिअरिंग जड होते.

भार किती आणि कोठे

समुद्रमार्गे निर्यात होणाऱ्या प्रत्येक कंटेनरचे प्रमाणित वजन जाहीर करण्याचे बंधन १ जुलै २०१६ पासून जगभर लागू झाले. भारतात जुलै २०१८ मध्ये आसांवरील भाराच्या मर्यादा वाढविण्यात आल्या. आठ टायरच्या जोडआसाची मर्यादा १९ टनांवरून २१ टन झाली, तर वाहनाच्या एकूण वजनाची कमाल मर्यादा ४९ टनांवरून ५५ टन झाली. मात्र एकूण वजन मर्यादेत असले तरी ते वजन ट्रेलरवर कोठे आहे, हा प्रश्न उरतोच.

समजा, किंग पिनपासून ट्रेलरच्या मागील आसांच्या मध्यापर्यंतचे अंतर ८ मीटर आहे आणि माल २४ टन आहे. मालाचा गुरुत्वमध्य किंग पिनच्या मागे ५ मीटरवर असेल, तर तबकडीवर ९ टन आणि मागील आसांवर १५ टन भार येतो. तोच माल केवळ १ मीटर मागे सरकला, तर तबकडीवर ६ टन आणि मागे १८ टन येतात. एका मीटरच्या फरकाने ३ टन भार इकडचा तिकडे जातो. माल पुढे ठेवला तर हॉर्सच्या मागील आसावर मर्यादेबाहेर भार येतो. मागे ठेवला तर इंजिनाने फिरणाऱ्या चाकांवरील दाब घटतो, ओल्या रस्त्यावर ती घसरू लागतात आणि ट्रेलरची शेपटी डोलू लागते. चाळीस फुटी ट्रेलरवर एकच वीस फुटी कंटेनर ठेवताना जागेची निवड म्हणूनच महत्त्वाची असते.

कंटेनर ट्रेलरला धरून ठेवणाऱ्या चारही कोपऱ्यांतील कड्या फिरवून बंद केल्या आहेत, हेही पाहावे. कंटेनर केवळ स्वतःच्या वजनाने टेकलेला असेल, तर वळणावर तो ट्रेलरवरून वेगळा होऊन पडू शकतो.

वळणातील दोन धोके

पहिला धोका ट्रेलरच्या पुढील कोपऱ्यांचा. वळताना हे कोपरे किंग पिनभोवती वर्तुळात फिरतात. कंटेनरची रुंदी २.४४ मीटर, म्हणजे अर्धी रुंदी १.२२ मीटर असते. ट्रेलरचा पुढील भाग किंग पिनच्या ०.९ मीटर पुढे असेल, तर कोपरा खुंटीपासून सुमारे १.५२ मीटर अंतरावर फिरतो. खुंटी आणि केबिनची मागील भिंत यांतील अंतर यापेक्षा कमी असेल, तर तीव्र वळणावर ट्रेलर केबिनवर आदळतो.

दुसरा धोका रस्त्यावरील इतरांना आहे. ट्रेलरची मागील चाके पुढच्या चाकांच्या मार्गाने जात नाहीत. ती वळणाच्या आतील बाजूस सरकतात. किंग पिन १२ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरत राहिली, तर ८ मीटर मागे असलेली चाके सुमारे ९ मीटर त्रिज्येने जातात. हा फरक ३ मीटरचा, म्हणजे जवळजवळ एका मार्गिकेएवढा आहे. भारतात डावे वळण अधिक आखूड असते आणि चालक उजवीकडे बसतो. डावीकडील पट्टा त्याला केवळ आरशात, तोही अर्धवट दिसतो. चौकात ट्रेलर आधी उजवीकडे सरकतो, तेव्हा डावीकडे रिकाम्या दिसणाऱ्या जागेत दुचाकी किंवा सायकल घालणारा बरोबर त्या ३ मीटरच्या पट्ट्यात सापडतो. ट्रेलरला बाजूने लावलेले संरक्षक कठडे अशा वेळी माणसाला चाकाखाली जाण्यापासून वाचविण्यासाठी असतात. माल चढविण्याच्या सोयीसाठी ते काढून टाकणे हा त्यामुळेच गंभीर निष्काळजीपणा ठरतो.

द्रुतगती मार्गावरून उतरणाऱ्या गोल वळणांवर उलटण्याचा धोका असतो. बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी २० ऐवजी ३० किलोमीटर वेग ठेवल्यास तो सव्वादोन पट होतो. उंच कंटेनर आधी कलंडतो आणि केबिनमधील चालकाला त्याची जाणीव उशिरा होते. ब्रेक वळणात शिरण्यापूर्वी लावावा. वळणात जोराने लावल्यास हॉर्सची मागील चाके अडकतात आणि ट्रेलर त्याला ढकलून चाकूच्या पात्यासारखा मिटवतो. रिकाम्या ट्रेलरला आणि पहिल्या पावसाने निसरड्या झालेल्या रस्त्यावर हा धोका अधिक असतो.

आखूड पिकअप आणि कॅम्पर

हेच गणित लहान प्रमाणात पिकअप ट्रकलाही लागू पडते. फिफ्थ व्हील कॅम्परची तबकडी पिकअपच्या हौद्यात, मागील आसाच्या नेमकी वर किंवा किंचित पुढे बसवितात. ती आसाच्या मागे बसविल्यास पुढील चाके हलकी होऊन स्टिअरिंगवरील ताबा सुटतो. आखूड हौद्याच्या ट्रकमध्ये आसापासून केबिनपर्यंतचे अंतर सुमारे १ मीटर भरते. कॅम्पर २.४ मीटर रुंद असेल, तर त्याची अर्धी रुंदीच १.२ मीटर होते. काटकोनात वळताना कॅम्परचा कोपरा केबिनच्या काचेवर जाणार, हे उघड आहे.

यावर उपाय म्हणजे मागे सरकणारी तबकडी. तळावर किंवा अरुंद जागेत वळण्यापूर्वी ती मागे घेतात आणि हमरस्त्यावर येण्यापूर्वी पुन्हा आसावर आणून पक्की करतात. काही तबकड्या वळताना आपोआप सरकतात. गोलाकार नाकाच्या कॅम्परनेही काही जागा मिळते. हौद्याच्या कडा आणि कॅम्परचा तळ यांमध्ये सुमारे १५ सेंटिमीटर मोकळे अंतर हवे, अन्यथा खड्ड्यात दोन्ही एकमेकांवर आपटतात.

याहून मोठी मर्यादा वजनाची आहे. फिफ्थ व्हील कॅम्परच्या वजनाचा साधारण १५ ते २५ टक्के हिस्सा खुंटीवर येतो. ४ टनांच्या कॅम्परचे ६०० ते १,००० किलो त्यामुळे थेट हौद्यावर पडतात. त्यात प्रवासी, सामान आणि तबकडीचे वजन मिळवावे लागते. ट्रक किती वजन ओढू शकतो यापेक्षा तो किती वजन पाठीवर घेऊ शकतो, ही मर्यादा आधी संपते. भारतात मिळणारे दुहेरी केबिनचे पिकअप उत्तर अमेरिकेतील जड पिकअपपेक्षा बरेच लहान आहेत. त्यामुळे येथे फिरत्या घरासाठी एकसंध कॅरव्हॅन किंवा हलका ट्रेलर हेच व्यवहार्य पर्याय ठरतात. अमेरिका किंवा कॅनडात असा कॅम्पर घेणाऱ्या मराठी कुटुंबांनी मात्र वरील मापे खरेदीपूर्वीच घ्यावीत.

कायद्यातील तरतुदी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार ज्याचा काही भाग ओढणाऱ्या वाहनावर टेकतो आणि ज्याच्या वजनाचा हिस्सा ते वाहन पेलते, तो सेमी-ट्रेलर होय. ट्रेलरची स्वतंत्र नोंदणी लागते आणि ओढणाऱ्या वाहनाचा क्रमांकही ट्रेलरवर दर्शवावा लागतो. केंद्र सरकारच्या २००४ च्या अधिसूचनेत खासगी वापराच्या कॅम्पर व्हॅन व ट्रेलरचा समावेश बिगर-परिवहन वाहनांत आहे. जादा भारासाठी २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. जादा माल उतरवून घेण्याचा खर्चही संबंधितांवरच पडतो.

धुके आणि थांबलेला ट्रेलर

२०१८ मध्ये पूर्व आणि पश्चिम परिघीय द्रुतगती मार्ग पूर्ण खुले झाले. प्रत्येकी सुमारे १३५ किलोमीटरच्या या मार्गांमुळे दिल्लीत काम नसलेल्या जड वाहनांना शहराबाहेरून जाणे शक्य झाले. शहरात दिवसा ठरावीक वेळी जड वाहनांना प्रवेशबंदी असल्याने बरीच वाहतूक रात्री होते. डिसेंबर-जानेवारीतील दाट धुके नेमके रात्री आणि पहाटे उतरते.

अशा वेळी चालत्या ट्रेलरपेक्षा थांबलेला ट्रेलर अधिक घातक असतो. मोटारीचे बॉनेट उंच ट्रेलरखाली सहज शिरते आणि आघात थेट काचेच्या उंचीवर होतो. मागील संरक्षक आडवा दांडा आणि परावर्तक पट्ट्या यांचे महत्त्व येथे कळते. धूळ बसलेली पट्टी प्रकाश परत फेकत नाही. निघण्यापूर्वी ती ओल्या फडक्याने पुसण्यास एक मिनिटही लागत नाही. वाहन बंद पडल्यास धोक्याचे दिवे लावून, परावर्तक त्रिकोण बऱ्याच अंतरावर मागे ठेवावा, स्वतः कठड्यापलीकडे उभे राहावे आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ किंवा कोठूनही ११२ या क्रमांकावर मदत मागावी. पुढारलेल्या मार्गिकेत वा वळणानंतर लगेच वाहन उभे करू नये.

इतर वाहनचालकांसाठीही एक साधा नियम उपयोगी आहे. ट्रेलरचे आरसे आपल्याला दिसत नसतील, तर त्याच्या चालकालाही आपण दिसत नाही. वळणाऱ्या ट्रेलरच्या डावीकडील मोकळी जागा ही त्याच्या मागील चाकांची जागा आहे, असे समजून मागेच थांबावे.