पळीभर तेल आणि एकसष्टचं कोडं



गटात १२ जणी असल्या, तर कामासाठी तिघी-तिघींच्या किंवा चौघी-चौघींच्या सारख्या तुकड्या पडतात. १३ असल्या तर कितीही खटपट करा, सारख्या तुकड्या पडत नाहीत. अशा संख्येला मूळ संख्या म्हणतात. ६१ ही त्यातलीच, आणि तिची गोष्ट आपल्या खान्देशाशी जोडलेली आहे.

एक कोडं घ्या. एका संख्येला तिनेच गुणा, आलेल्या उत्तराला ६० ने गुणा आणि त्यात १ मिळवा. आता जे येईल तेही एखाद्या संख्येला तिनेच गुणून आलेलं हवं. ४ घेऊन पाहा. चार चोक १६, गुणिले ६० म्हणजे ९६०, अधिक १ म्हणजे ९६१. आणि ३१ गुणिले ३१ सुद्धा ९६१! ६० च्या जागी ६२ घेतले, तर ८ ने काम होतं. पण मधल्या ६१ साठी सगळ्यांत लहान संख्या आहे २२ कोटी ६१ लाख ५३ हजार ९८०. मूळ संख्या असली की असंच होतं, असंही नाही. ५९ सुद्धा मूळच, पण तिचं काम ६९ वर भागतं.

हे ६१ चं उत्तर भास्कराचार्यांनी ११५० साली पूर्ण केलेल्या ग्रंथात, बीजगणितात, चक्रवाळ पद्धतीने काढून दाखवलं. एकेक संख्या तपासत न बसता, आधीच्या उत्तरातून पुढचं उत्तर काढत जायची ही रीत. पुढे १६५७ साली फ्रान्सच्या फर्माने हाच ६१ चा प्रश्न तिकडच्या गणितींना आव्हान म्हणून घातला. आपल्याकडे तो सुटून पाचशे वर्षं झाली होती.

ही विद्या टिकली कशी? चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणच्या शिलालेखात त्याचं उत्तर आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला. लेख सुमारे १२०७ सालचा. राजघराण्याने दान दिलंच, पण लेखाच्या शेवटी जुन्या मराठीत बाजारातल्या मालावरचा हिस्साही मठाला लावून दिला आहे, आणि प्रत्येक चालत्या घाण्यामागे पळी-पळी तेल! थेंबे थेंबे तळे साचे, हे बचत गटातल्या आपल्याला वेगळं सांगायला नको.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त कितीतरी गणितं एका मुलीला हाक मारून विचारली आहेत. ती त्यांची लेक होती, अशी कथा सांगतात. कथा खरी असो-नसो, गणित मुलीला विचारलं जात होतं, हे तर ग्रंथातच आहे.

आज इंटरनेटवरचे बँकेचे व्यवहार सांभाळायला अनेक ठिकाणी शेकडो आकडी मूळ संख्या वापरतात. अशा दोन संख्यांचा गुणाकार संगणक क्षणात करतो, पण गुणाकारावरून त्या दोन शोधणं फार अवघड. तेच कुलूप.

तेव्हा ‘मुलीच्या जातीला गणित कशाला?’ असं घरात कोणी म्हणालं, तर आपण गप्प बसायचं नाही. पाटणचं नाव घ्यायचं आणि लेकीपुढे ६० चं कोडं ठेवायचं.